शेवटची नोंद खरी

१९९२ च्या मे महिन्यात ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ हा खेळ बाहेर पडला आणि थोड्याच काळात लोकांनी तो उसवायला घेतला. कुणी भिंतींवरची चित्रं बदलली, कुणी आवाज बदलले, कुणी नाझी शत्रूच्या जागी मुलांच्या टीव्ही मालिकेतला बार्नी नावाचा जांभळा डायनासोर आणून उभा केला. हे करायचं तर खेळाच्या मूळ फायलींवरच नवी माहिती लिहावी लागे. जुनं चित्र त्या जागेवरून कायमचं पुसलं जाई. ते परत हवं असेल तर फ्लॉपी शोधायच्या आणि खेळ पहिल्यापासून चढवायचा. दोन वेगवेगळ्या लोकांनी केलेले बदल एकत्र खेळून बघणं तर जवळजवळ अशक्यच होतं.

टेक्सासच्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीत हा खेळ लिहिणाऱ्या जॉन कारमॅकला या उसवाउसवीचा राग आला नाही. लोकांना खेळात हात घालायचाच आहे, तर त्यांना जागा करून द्यावी, असं त्याने ठरवलं. १० डिसेंबर १९९३ ला ‘डूम’ आला तेव्हा खेळ चालवणारा प्रोग्राम एका फायलीत होता, तर नकाशे, चित्रं, आवाज असा सगळा ऐवज दुसऱ्या फायलीत. या दुसऱ्या फायलीला ‘वॅड’ म्हणत. गेल्या तीस वर्षांत खेळांमध्ये मॉड करण्याचा, म्हणजे तयार खेळात आपले बदल घालण्याचा, जो प्रचंड खटाटोप जगभर उभा राहिला, त्याच्या मुळाशी ही फारकत आहे.

वॅडची रचना आजही कुणाला कागदावर समजावून सांगता येते. पहिले १२ बाइट ओळखीचे: चार अक्षरांची खूण, आत एकूण किती वस्तू आहेत तो आकडा आणि वस्तूंची यादी फायलीत कुठून सुरू होते ती जागा. यादीतली प्रत्येक ओळ १६ बाइटची. वस्तू कुठे आहे, किती मोठी आहे आणि तिचं नाव काय; नाव आठ अक्षरांपलीकडे जाता कामा नये. खूण दोन प्रकारची असते. मूळ खेळाची फाइल ‘आयवॅड’ आणि खेळाडूने तयार केलेली फाइल ‘पीवॅड’, म्हणजे ठिगळाची.

खरी करामत शोधण्याच्या पद्धतीत होती. एखादी वस्तू हवी असली की डूमचा प्रोग्राम यादी शेवटाकडून वाचायला लागे आणि त्या नावाची पहिली वस्तू सापडली की थांबे. पीवॅड मूळ फायलीच्या नंतर चढवलेली असल्यामुळे तिच्यातली वस्तू आधी हाती लागे. मूळ वस्तू जागेवर शाबूत राही, फक्त तिच्यापर्यंत कुणी पोचत नसे. पीवॅड काढून टाकली की खेळ पुन्हा जसाच्या तसा. ‘नंतर आलेली नोंद खरी’ हा नियम इथे काही ओळींच्या प्रोग्राममध्ये लिहिला गेला आणि पुढे सगळ्या मॉडविश्वाचा कायदा होऊन बसला.

डूमच्या नकाशात राक्षस कसा उभा राहतो, हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक राक्षसाची नोंद फक्त १० बाइटची. दोन-दोन बाइटचे पाच आकडे: आडवी जागा, उभी जागा, तोंड कुठल्या दिशेला, तो कोण, आणि काही अटी. ‘तो कोण’ या रकान्यात ३००१ लिहिलं की आगीचे गोळे फेकणारा इंप, ३००४ लिहिलं की बंदूक घेतलेला झॉम्बी सैनिक. अटींच्या रकान्यात तो सोप्या पातळीवर दिसावा की फक्त अवघड पातळीवर, तो दबा धरून बसणार का, अनेक जण मिळून खेळत असतील तरच यावा का, हे सगळं एकेका बिटाने ठरतं. ३००४ चं ३००१ केलं की त्या कोपऱ्यात सैनिकाऐवजी इंप उभा. प्रोग्रामचं एक अक्षरही न बदलता.

लोकांनी ही रचना आपली आपण शोधून काढली. १९९४ च्या सुरुवातीलाच ‘डीईयू’ नावाचं नकाशे संपादित करण्याचं साधन तयार झालं. त्याच्या दोन प्रमुख कर्त्यांपैकी ब्रेंडन वायबर न्यूझीलंडचा आणि राफाएल किने बेल्जियमचा. आयडीची अपेक्षा एवढीच होती की फुकट वाटलेल्या प्रतीवर लोकांचे नकाशे चालू नयेत. फुकटातल्या डूमला पीवॅड द्यायला गेलं तर तो ‘आधी नोंदणी करा’ म्हणून अडूनच बसे. १९९४ मध्येच जस्टिन फिशर याने ‘एलियन्स’ या सिनेमावर बेतलेला अख्खा नवा खेळ डूमच्या अंगावर चढवला. १९९६ मध्ये आयडीने विकायला काढलेल्या ‘फायनल डूम’ मधला अर्धा भाग तर हौशी मंडळींच्या एका चमूने फुकट वाटण्यासाठी बांधत आणलेला होता. आयडीने तो विकत घेतला.

मात्र वॅडला एक मोठी मर्यादा होती. बदलाचं माप फार ढोबळ होतं. पहिल्या नकाशातलं एक दार कुणी हलवलं आणि दुसऱ्याने त्याच नकाशात एक खोली वाढवली, तर दोघांचं एकत्र नांदणं शक्य नव्हतं. अख्खा नकाशा एकाचा किंवा दुसऱ्याचा. हे माप बारीक कसं करायचं, या प्रश्नाचं सगळ्यात श्रीमंत उत्तर आठ-नऊ वर्षांनी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातून आलं.

मे २००२ मध्ये बेथेस्डा कंपनीने ‘द एल्डर स्क्रोल्स ३: मॉरोविंड’ प्रसिद्ध केला. पीसीच्या आवृत्तीच्या खोक्यात खेळाच्या सीडीबरोबर आणखी एक सीडी होती, तिच्यावर ‘कन्स्ट्रक्शन सेट’. ज्या साधनाने कंपनीच्या लोकांनी खेळ बांधला, तेच साधन गिऱ्हाइकाच्या हातात दिलं होतं. ते उघडल्यावर दिसे तो दारं-भिंतींचा पसारा आणि त्याच्या शेजारी नोंदींची न संपणारी यादी. मॉरोविंडमध्ये चमचासुद्धा एक नोंद आहे. तलवार नोंद, पुस्तक नोंद, शाप नोंद, गावातल्या माणसाचं एक वाक्यही नोंदच. ही सगळी खतावणी ८० मेगाबाइटच्या आसपास असलेल्या ‘मॉरोविंड.ईएसएम’ या एका फायलीत बांधलेली. ईएसएम म्हणजे मुख्य फाइल, मास्टर. खेळाडूची फाइल ती ईएसपी, म्हणजे प्लगइन.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर १६ बाइटचा मथळा असतो. त्यात चार अक्षरांत नोंदीचा प्रकार, मग तिचा आकार, मग काही खुणा. मथळ्याखाली पोटनोंदी, त्यांनाही प्रत्येकी चार अक्षरांचं नाव. सेडा नीन गावात खेळाच्या अगदी सुरुवातीला भेटणारा, अंगठी हरवलेला फारगॉथ घेतला, तर त्याच्या नोंदीत त्याची ओळख, पडद्यावर दिसणारं नाव, वंश, पेशा, डोकं कुठलं, केस कुठले, अंगातली ताकद किती आणि खिशात काय आहे, असे रकाने ओळीने येतात. प्लगइनमध्ये या नोंदीची सुधारलेली नक्कल ठेवली की खेळ मूळ फारगॉथला बाजूला ठेवून नव्याला उभा करतो. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात मूळ सातबारा एकीकडे आणि फेरफाराची नोंद दुसरीकडे असते, ज्याला अर्थ कळतो त्याला दोन्ही मिळून आजची स्थिती वाचता येते. मास्टर आणि प्लगइन यांचं नातं त्याच धर्तीचं आहे.

माणसाच्या बोलण्याची व्यवस्था तर फारच नाजूक होती. एखाद्या विषयावरची सगळी उत्तरं साखळीने जोडलेली असत. प्रत्येक उत्तराच्या नोंदीत ‘माझ्या आधी कोण, माझ्यानंतर कोण’ हे लिहिलेलं. खेळ ही साखळी वरून खाली तपासत जाई आणि ज्याच्या अटी जुळतील ते पहिलं उत्तर पात्राच्या तोंडी येई. दोन प्लगइननी साखळीत एकाच जागी आपापली कडी घुसवली, की कधी एखादं उत्तर कायमचं गप्प होई, तर कधी भलत्याच माणसाच्या तोंडी भलतंच वाक्य येई.

मॉरोविंडमध्ये नोंदीची ओळख म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं साधं नाव. जगाच्या दोन टोकांच्या दोन माणसांनी आपापल्या तलवारीला एकच नाव दिलं, तर खेळाच्या दृष्टीने दुसरी तलवार ही पहिलीची सुधारित आवृत्ती. म्हणून मॉड करणाऱ्यांमध्ये नावाआधी स्वतःची एक खूण लावण्याची शिस्त रुजली. कायदा कुणी केला नव्हता. ठेचा खाऊन आलेलं शहाणपण होतं ते. कुठली फाइल आधी आणि कुठली नंतर, हेही तेव्हा फायलीवरच्या तारखेवरून ठरे. हा क्रम, म्हणजे लोड ऑर्डर, बदलायची म्हणजे फायलींच्या तारखा बदलत बसायचं.

याच काळात एक विचित्र साथ आली. ‘ट्रायब्युनल’ आणि ‘ब्लडमून’ हे विस्तार आल्यावर कन्स्ट्रक्शन सेट काही विशिष्ट परिस्थितीत खेळाच्या सामान्य सेटिंगच्या (‘जीएमएसटी’ प्रकारच्या) ७२ नोंदी न विचारता प्लगइनमध्ये घालू लागला. मॉड करणाऱ्याने बिचाऱ्याने एक घर बांधलेलं असे, पण त्याच्या फायलीतून या ७२ नोंदी गावभर फिरत आणि दुसऱ्यांच्या सेटिंगवर बसत. खेळाडूंनी त्यांना ‘दुष्ट जीएमएसटी’ असं नाव ठेवलं आणि त्या शोधून काढणारी साधनं लिहिली. नोंद घेतली जाते याचा अर्थ ती घ्यायची होती असा होत नाही, हा धडा या समाजाने इथे घेतला. ‘फाइल साफ करणे’ हे तिथून पुढे या धंद्यातलं रोजचं काम झालं.

मार्च २००६ मध्ये याच मालिकेतला पुढचा खेळ ‘ऑब्लिव्हियन’ आला आणि नोंदीची ओळख नावावरून आकड्यावर गेली. प्रत्येक नोंदीला आठ स्थानांचा फॉर्मआयडी मिळाला, तोही सोळाच्या पायावर मोजलेला, म्हणजे ० ते ९ संपल्यावर ए ते एफ. या आठांपैकी पहिली दोन स्थानं म्हणजे नोंद कुठल्या फायलीतून आली तिचा क्रमांक. ०० म्हणजे मूळ ऑब्लिव्हियन.ईएसएम. सोन्याचं नाणं ००००००० आणि शेवटी एफ. बेथेस्डाच्या लोकांनी पुढच्या खेळांतही हा क्रमांक जपला. ‘फॉलआउट’ मालिकेत नाण्यांऐवजी बाटलीची बुचं चालतात, त्यांनाही हाच क्रमांक आहे.

आता पेच असा की मॉड करणारा आपल्या घरी फाइल बनवतो तेव्हा ती दुसऱ्याच्या संगणकावर कितव्या जागी चढणार, हे त्याला कसं माहीत असावं? त्यावर काढलेली तोड सुंदर आहे. प्लगइनच्या सुरुवातीलाच ती कुठल्या मास्टरवर अवलंबून आहे त्यांची यादी असते. फायलीच्या आत पहिली दोन स्थानं या यादीला धरून मोजली जातात. एकच मास्टर असेल तर ०० म्हणजे मास्टरची नोंद आणि ०१ म्हणजे माझी स्वतःची. खेळ सुरू होताना इंजिन प्रत्येक फाइल वाचतं, ती प्रत्यक्षात ३२ व्या जागी बसली असेल तर तिच्या ०१ चं त्या जागेच्या आकड्यात भाषांतर करतं आणि मग सगळं जग एका मोजमापात येतं. यादीतला एखादा मास्टर जागेवर नसेल तर याच मालिकेतला नंतरचा ‘स्कायरिम’सारखा खेळ मुख्य मेनू दिसायच्या आधीच कोसळतो. कितीतरी नवख्यांचा पहिला रविवार यातच जातो.

ऑब्लिव्हियन बाजारात येऊन दोन आठवडे होताहेत तोच बेथेस्डाने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. खेळातल्या एका सजावटीसाठी वेगळे पैसे मागितल्यावरून तेव्हा झालेला गदारोळ प्रसिद्धच आहे. पण तांत्रिक अंगाने बघितलं तर पीसीवर ते चिलखत म्हणजे मॉड करणारे बनवत तसलीच एक ईएसपी फाइल होती. कंपनी आणि हौशी खेळाडू एकाच वहीत, एकाच शाईने लिहीत होते.

आता या सगळ्यातला सर्वांत कठोर नियम. एकाच नोंदीला दोन प्लगइननी हात लावला तर खेळ त्यांची गोळाबेरीज करत नाही. जी शेवटी चढली तिची नोंद पूर्णच्या पूर्ण घेतली जाते, आधीची पूर्णच्या पूर्ण सोडली जाते. ‘स्कायरिम’ मधली लिडिया हे यासाठी उत्तम उदाहरण. व्हाइटरन शहरात खेळाडूच्या दिमतीला येणारी ही लढवय्यी मुळात ०००ए२सी८ई या क्रमांकाची नोंद आहे. एका मॉडने तिचा चेहरा बदलला, दुसऱ्याने तिच्या अंगात कौशल्यं वाढवली. दुसरा नंतर चढला तर कौशल्यं वाढतात आणि चेहरा जुनाच. कारण दुसऱ्या मॉडवाल्याने नोंदीची नक्कल मूळ खेळातून घेतलेली असते आणि त्या नकलेत जुना चेहराही आपसूक आलेला असतो. त्याला चेहऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण नोंद अखंड असते, तुकड्यांत येत नाही.

हे एवढ्यावर थांबत नाही. स्कायरिममध्ये पात्राचा घडवलेला चेहरा वेगळ्या फायलीतही ठेवलेला असतो, आणि त्या फायलीचं नाव म्हणजे तोच नोंदीचा क्रमांक. लिडियाचा चेहरा तिच्या आठ स्थानांच्या क्रमांकाच्या नावाने, स्कायरिम.ईएसएम नावाच्या फोल्डरमध्ये सापडतो. नोंद एका मॉडची जिंकली आणि चेहऱ्याची फाइल दुसऱ्याची, की दोघांचा मेळ बसत नाही आणि लिडिया काळवंडलेल्या तोंडाने दारात उभी राहते. ‘काळा चेहरा’ या नावाने हा दोष सगळ्या स्कायरिमकरांना ठाऊक आहे. बघणाऱ्याला वाटतं चित्रकाराचं काही चुकलं; चूक असते नोंदींच्या क्रमात.

लिडियाचे क्रमांक दोन आहेत, हेही सांगायला हवं. ए२सी८ई ही ‘लिडिया कोण’ याची नोंद. ए२सी९४ ही ‘ती अमुक जागी उभी आहे’ याची. खेळातल्या प्रत्येक वस्तूचं असं दुहेरी अस्तित्व असतं: साचा वेगळा आणि साच्यातून काढून जागेवर ठेवलेली प्रत वेगळी. पहिल्या क्रमांकाने खेळातल्या कन्सोलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पट्टीतून, आज्ञा दिली तर लिडियाशेजारी दुसरी लिडिया प्रकट होते. हरवलेली आपली लिडिया परत आणायची तर दुसराच क्रमांक लागतो.

वस्तू काढून टाकणं हीसुद्धा एक नोंदच. मास्टर फाइलला हात लावता येत नाही, म्हणून प्लगइनमध्ये ‘ही खुर्ची काढलेली आहे’ अशी खूण असलेली नोंद जाते. पण दुसऱ्या एखाद्या मॉडला त्या खुर्चीवर कुणाला तरी बसवायचं असेल तर? खेळ कोसळतो. त्यावर खेळाडूंनी काढलेला तोडगा मजेदार आहे. काढल्याची खूण पुसायची, खुर्ची निष्क्रिय करायची आणि तिची उंची उणे ३०,००० करून जमिनीखाली खोल गाडून टाकायची. कुणी विचारलं तर खुर्ची आहे. दिसायला मात्र नाही.

हे काम करणारं साधन म्हणजे एक्सएडिट. ऑब्लिव्हियनसाठी ते ‘टीईएस४एडिट’ या नावाने आलं, मग फॉलआउट ३ साठी, मग स्कायरिमसाठी त्याची रूपं निघाली. बेथेस्डाने काहीही मदत न करता बाहेरच्या लोकांनी ही अख्खी नोंदपद्धत बाइट-बाइट उलगडली आणि तिचं एक वाचनालय उभं केलं, ही संगणकाच्या इतिहासात अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. एक्सएडिटमध्ये एखादी नोंद उघडली की डावीकडे मूळ मास्टरचा रकाना आणि उजवीकडे ज्या-ज्या प्लगइननी तिला हात लावला त्यांचे रकाने, चढण्याच्या क्रमाने. सगळ्यात उजवीकडचा जिंकलेला. जिथे मतभेद तिथे लाल रंग. शंभर मॉड चढवलेल्या खेळात हे लाल पट्टे बघत बसणारे लोक आहेत आणि त्यांच्यामुळेच बाकीच्यांचा खेळ चालतो. याच साधनाने दाखवून दिलं की ‘डॉनगार्ड’, ‘हार्थफायर’, ‘ड्रॅगनबॉर्न’ या बेथेस्डाच्या स्वतःच्या विस्तारांतही मुळाशी तंतोतंत जुळणाऱ्या, विनाकारण ओढून आणलेल्या नोंदी आणि काढलेल्या वस्तूंच्या खुणा पडलेल्या आहेत. खेळाडू त्या फायलीही धुऊन घेऊ लागले.

सगळ्यात अवघड भांडण मात्र यादीवरून होतं. पेटी उघडल्यावर काय सापडावं, गुहेत कुठले प्राणी असावेत, हे ठरवणाऱ्या पातळीवार याद्या या खेळांत असतात. ऑब्लिव्हियनच्या काळात मोठमोठे मॉड नेमके याच याद्यांना हात घालत. ‘ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल’ ला जग कठोर करायचं होतं, ‘मार्टिजेन्स मॉन्स्टर मॉड’ ला नवे प्राणी आणायचे होते, ‘फ्रान्सेस्को’ च्या मॉडला आपल्या पद्धतीची श्रेणी लावायची होती. ‘शेवटचा जिंकतो’ या नियमाने तिघांपैकी एकाचीच यादी उरली असती. लोकांना तिन्ही हवे होते. यातून ‘एफकॉम’ नावाचा मोठा जुळवणीचा प्रकल्प निघाला आणि त्याला हात दिला ‘राय बॅश’ या साधनाने. हे साधन खेळाडूच्या संगणकावरच्या सगळ्या प्लगइन वाचतं, त्यांच्या याद्या एकत्र करतं आणि ‘बॅश्ड पॅच’ नावाची एक नवी प्लगइन लिहून शेवटी ठेवतं. कुणाला यादीतून काही वगळायचं आहे, कुणाला एखाद्या वस्तूची पातळी बदलायची आहे, हे मॉडकर्ता आपल्या फायलीच्या वर्णनात ‘डीलेव्ह’, ‘रीलेव्ह’ अशा खुणांनी सांगून ठेवतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की नियम मोडला नाही. शेवटचाच जिंकतो, फक्त शेवटी एक समजूतदार मध्यस्थ नेमला.

पहिल्या दोन स्थानांचा हिशेब पुढे अपुरा पडला. ०० पासून एफएफपर्यंत २५६ जागा. एफएफ खेळता खेळता तयार होणाऱ्या नोंदींसाठी राखीव, म्हणजे उरल्या २५५, त्यातही मूळ खेळाच्या फायली. नोव्हेंबर २०११ मध्ये स्कायरिम आला, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याचं मॉड बांधायचं साधन ‘क्रिएशन किट’ मिळालं आणि मॉडचा पूर लोटला. एका टोपीसाठी अख्खी एक जागा खर्ची पडायची. लोक दहा-वीस छोट्या मॉडच्या नोंदी एका फायलीत ओतून जागा वाचवू लागले. हे काम फार किचकट, कारण नोंदींचे क्रमांक बदलतात आणि त्या क्रमांकाच्या नावाने ठेवलेले चेहरे नि आवाज मागे राहतात.

२०१७ मध्ये बेथेस्डाने ‘क्रिएशन क्लब’ नावाचं स्वतःचं दुकान काढलं तेव्हा हीच अडचण कंपनीच्या दारात आली. विकायचे छोटे छोटे माल, आणि प्रत्येकाला एक जागा! मग ‘हलकी’ प्लगइन जन्माला आली. एफई ही एकच जागा या सगळ्यांना वाटून दिली; पुढची तीन स्थानं फायलीचा क्रमांक, शेवटची तीन त्या फायलीतल्या नोंदीचा. त्यामुळे ४,०९६ हलक्या फायली एकाच जागेत मावू लागल्या. मात्र प्रत्येकीत नव्या नोंदी फक्त २,०४८. डिसेंबर २०२३ च्या सुधारणेत ही मर्यादा ४,०९६ झाली. कंपनीने दुकानासाठी केलेली ही सोय खेळाडूंनी पहिल्याच फटक्यात आपली केली. नव्या नोंदींचे क्रमांक या मर्यादेत बसत असतील तर मथळ्यातला एक बिट पेटवला की पूर्ण प्लगइन हलकी होते.

नोंद म्हणजे काय, हे प्रयोगशाळेत दाखवावं तसं दाखवलं ते प्लेस्टेशन ४ ने. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये स्कायरिमची स्पेशल एडिशन आली तेव्हा सोनीने मॉडना परवानगी दिली, पण बाहेरचं चित्र, आवाज, आकृती काहीही आणायचं नाही, या अटीवर. उरलं काय? फक्त नोंदी. खेळात आधीपासून असलेल्या दगडांची, दिव्यांची, खांबांची नवी मांडणी. हवामानाचे बदललेले आकडे. जुन्याच भांड्याकुंड्यांतून उभी केलेली नवी घरं. बाहेरचा एक ठिपकाही न आणता लोकांनी तिथे गावंच्या गावं वसवली. मॉडकलेचा सर्वांत शुद्ध प्रकार शोधायचा तर तो तिथे आहे.

पैशाचा प्रश्न एप्रिल २०१५ मध्ये एकदा जोरात पेटला होता. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड विकायला काढले, कर्त्याला वाटा २५ टक्के. २३ तारखेला सुरू झालेली योजना २७ ला गुंडाळावी लागली. पहिल्याच दिवसांत मासेमारीचा एक मॉड मागे घ्यावा लागला, कारण तो दुसऱ्याच कुणीतरी फुकट दिलेल्या अ‍ॅनिमेशनच्या साधनावर उभा होता. ज्या जगात प्रत्येक फाइल दुसऱ्या फायलीच्या खांद्यावर उभी राहते, तिथे एकीची किंमत ठरवायची कशी, याचं उत्तर त्या चार दिवसांत कुणालाच देता आलं नाही.

दीर्घ श्वासाचं काम बघायचं तर ‘टॅमरिएल रीबिल्ट’ कडे जावं. मॉरोविंड बाजारात येण्याच्याही आधी, २००१ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. खेळात फक्त एक बेट आहे, तर प्रांताची उरलेली मुख्य भूमी आपण बांधू, असं काही लोकांनी ठरवलं. अजून बांधताहेत. २०२५ मध्येही तिथे नवा प्रदेश खुला झाला. सामायिक तलवारी, भांडी, घरं ‘टॅमरिएल डेटा’ या वेगळ्या मास्टर फायलीत ठेवली आहेत, म्हणजे शेजारचे प्रांत बांधणाऱ्या दुसऱ्या चमूंनाही त्या वापरता याव्यात. आणि या सगळ्या नोंदी वाचणारं इंजिन आता बेथेस्डाचंच असण्याची गरज उरलेली नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनएमडब्ल्यू’ प्रकल्पाने नवं, खुलं इंजिन लिहिलं. ते लिनक्सवर चालतं, फोनवरही चालवणारे आहेत, आणि ते २००२ ची तीच ८० मेगाबाइटची खतावणी उघडून फारगॉथला सेडा नीनमध्ये उभा करतं.

२२ एप्रिल २०२५ ला बेथेस्डाने व्हर्च्युओस या कंपनीबरोबर केलेला ‘ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड’ अचानक विक्रीला आला. डोळ्यांना दिसतं ते सगळं अनरिअल इंजिन ५ मधून येतं. मॉडना अधिकृत पाठिंबा नाही. खेळाडूंनी फोल्डर उघडून बघितलं तर आत ऑब्लिव्हियन.ईएसएम होती आणि तिच्याबरोबर प्लगइनच्या नावांची साधी मजकुराची यादी. यादीत हाताने एक ओळ वाढवली की ईएसपी चढत होती. आकडे बदलणारे मॉड लगेच चालू लागले: तलवारीचं वजन, जादूचा खर्च, दुकानदाराकडचं सोनं. नवी वस्तू मात्र अडली. जुन्या इंजिनमधल्या नोंदीला अनरिअलमधल्या आकृतीशी बांधणारी आणखी एक जोडणी आता लागते, आणि मूळ खेळापुरती ती कंपनीने आत भरून ठेवलेली आहे. नव्या क्रमांकाची तिथे दखलच नाही. म्हणून खेळाडूंनी या जोडणीच्या यादीत आपले क्रमांक घालणारं साधन लिहिलं. आता तिथे एका तलवारीसाठी दोन इंजिनांत दोन नोंदी ठेवाव्या लागतात, आणि दोन मॉडनी एकाच क्रमांकाला दोन वेगळ्या आकृती बांधल्या तर कुणाची चालणार, याची तपासणी नव्याने सुरू झाली आहे.